चेंडू मागे, पाऊल पुढे

२०२५ सालची अनंत चतुर्दशी शनिवारी आली होती. पुण्यातल्या आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ढोल-ताशांचा असा गजर चालला होता की, कपाटातल्या कपबश्यासुद्धा तालावर किणकिणत होत्या. घरातली पुरुषमंडळी मिरवणूक पाहायला गेली होती आणि मागे आम्ही तिघीजणी उरलो होतो. सासूबाई उरल्या, कारण गर्दी आता त्यांना सोसत नाही. मी उरले, कारण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावरून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. आणि आमची कन्यका उरली, ती तिच्या उजव्या गुडघ्यामुळे.

हा गुडघा म्हणजे आमच्या घरातला त्या वर्षीचा सर्वांत मोठा विषय. कन्यका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शाळेत ती कबड्डी खेळायची. पुढे कोणीतरी तिला रग्बीच्या मैदानावर नेले आणि कबड्डीतली तिची पकड तिथे इतकी कामी आली की, दोन वर्षांत ती राज्याच्या निवड चाचणीपर्यंत जाऊन पोचली. चाचणी आठ दिवसांवर आली असताना सरावात पाय मुरगळला, लिगामेंट फाटले, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी खेळणे नाही. पुढचे पुढे पाहू. ‘पुढचे पुढे पाहू’ या तीन शब्दांनी एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडावरचे हसू कसे पळून जाते, ते मी तेव्हापासून पाहत होते.

तर त्या रात्री ही पाय उशीवर ठेवून कॉम्प्युटरवर सामना पाहत बसली होती. महिलांच्या रग्बी विश्वचषकाचा सामना. स्थळ इंग्लंडातले ब्रायटन. लढत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांची. सासूबाई चष्मा पुसून शेजारी बसल्या आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले.

“अगं, हा चेंडू असा लांबट का? दबला की काय कोणाच्या अंगाखाली?”

“नाही गं आजी, असाच असतो.”

“आणि या बायका एकमेकींच्या अंगावर का पडतायत?”

“तोच खेळ आहे, आजी.”

सुरुवातीचे सात गुण पिवळ्या पोशाखातल्या ऑस्ट्रेलियाने मिळवले, तेव्हा कन्यका गुडघा विसरून अर्धी उठली. पण पुढे इंग्लंडने जो सपाटा लावला, तो ४७-७ वरच थांबला. मध्येच पडद्यावर ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षिका दिसल्या. कन्यका म्हणाली, “या जो यॅप. इंग्लंडच्याच आहेत. इंग्लंडच्या कॅप्टन होत्या एके काळी.”

“मग ही फितूर झाली म्हणायची!” सासूबाईंनी तत्काळ निकाल दिला. खंडोजी खोपड्याच्या मुलखातली माणसे आम्ही. आमचा न्याय असा झटपट.

मी हसले आणि हसता हसता बोलून गेले, “बघ, खेळणे थांबले तरी असे शिकवता येते. त्या शाळेतल्या सरांनी तुला मुलींना शिकवायला बोलावलंय ना? जात का नाहीस?”

कन्यकेने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, “शिकवायचं म्हणजे आपलं संपलं याची कबुलीच ना, आई? तूसुद्धा आधी कविता करायचीस. मग शिकवायला लागलीस.”

बाहेर ढोल वाजतच होते, म्हणून बरे झाले. नाहीतर त्या खोलीत जी शांतता पसरली, ती फार मोठी वाटली असती.

पोरीने रागाने म्हटले असते तर मी तेवढ्यापुरते मनाला लावून घेऊन सोडून दिले असते. पण ती सहज बोलली होती, आणि सहज बोललेले खरे असण्याचा संभव अधिक. वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे. शिकवणे म्हणजे खरोखरच हरलेल्याची दुसरी नोकरी आहे काय? उत्तरपत्रिका बाजूला सारून मी त्या यॅपबाईंचा माग काढायला लागले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

नऊ नंबरची जागा

प्रथम खेळाविषयी थोडे. सासूबाईंसारखे वाचक आणखीही असतील.

रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ झाला, त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारता आला तर आणखी दोन. इथवर सारे सरळ आहे. गंमत पुढे आहे. चेंडू हाताने द्यायचा तो आपल्या रेषेत किंवा मागेच द्यायचा. पुढे फेकता येत नाही. म्हणजे पळायचे पुढे आणि द्यायचे मागे! ज्याच्या हाती चेंडू आहे तो सर्वांत पुढे आणि मदतीला येणारे सगळे त्याच्या पाठीशी. मागे कोणी नसेल, तर पुढच्याची धाव फुकट.

या पंधरांत एक ते आठ नंबरचे खेळाडू पुढच्या फळीतले. ते धिप्पाड. खांद्याला खांदा आणि डोक्याला डोके भिडवून ते रेटारेटी करतात, त्याला ‘स्क्रम’ म्हणतात. दहा ते पंधरा हे मागच्या फळीतले, पळण्यात तरबेज. आणि या दोहोंच्या मध्ये असतो तो नऊ नंबर. त्याला ‘स्क्रमहाफ’ म्हणतात. हा बहुधा संघातला सर्वांत लहानखुरा खेळाडू. आठ दांडग्यांच्या ढिगाऱ्यातून चेंडू उपसायचा, क्षणभरात चहूकडे पाहायचे आणि ज्याला तो द्यायला हवा त्याच्या हातात अचूक पोचवायचा, हे त्याचे काम. टाळ्या मिळतात त्या ट्राय करणाऱ्याला. पण नऊ नंबर चुकला तर पुढची फळी कुठे आणि मागची कुठे, अशी संघाची अवस्था होते. वरात निघाली आणि नवरदेवाला कोणी उठवलेच नाही, असा प्रकार.

जो यॅप ही इंग्लंडची नऊ नंबर.

व्होडका विकून खेळलेला विश्वचषक

ती खेळायला आली तेव्हा इंग्लंडात बायकांचे रग्बी फार जुने नव्हते. तिथल्या महिलांची स्वतंत्र रग्बी संघटना १९८३ साली निघाली. पहिला विश्वचषक भरला तो १९९१ च्या एप्रिलमध्ये, वेल्समधल्या कार्डिफ शहरात. तो भरवला लंडनच्या रिचमंड क्लबातल्या चार बायकांनी: डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती, हाती पैसा नव्हता. बारा संघ आले. सोव्हिएट संघ तर परकीय चलनाशिवायच येऊन थडकला आणि खर्च भागवण्यासाठी बरोबर आणलेली व्होडका, कॅव्हिआर आणि लाकडी बाहुल्या विकायला लागला. कस्टमवाले चौकशीला आले! शेवटी स्थानिक लोकांनी मदतीचा हात दिला आणि त्या मुलींचे निभावले. आयोजक चौघींपैकी सू डॉरिंग्टन स्वतः इंग्लंडच्या संघातून अंतिम सामना खेळली. अमेरिकेने तो सामना १९-६ असा जिंकला. म्हणजे लग्नघर सांभाळायचे, वाढपही करायचे आणि बोहल्यावरही आपणच उभे राहायचे!

तीन वर्षांनी, १९९४ साली, दुसरा विश्वचषक हॉलंडात व्हायचा होता, पण मान्यतेच्या घोळात तो बारगळला. तेव्हा स्कॉटलंडच्या बायकांनी अवघ्या काही आठवड्यांत तो एडिंबरोला भरवून दाखवला. त्या खेपेस इंग्लंडने अमेरिकेला ३८-२३ असे हरवून चषक जिंकला. आंतरराष्ट्रीय संघटनेची अधिकृत मान्यता मिळालेला पहिला विश्वचषक त्यानंतरचा, १९९८ सालचा, ॲमस्टरडॅमचा.

आणि इथे आपली नायिका रंगमंचावर येते.

चषक आधी आला, चषक नंतर आला

जो यॅप १९९७ साली इंग्लंडकडून पहिला सामना खेळली. तिचा जन्म १९७९ चा, तेव्हा वयाचा हिशेब वाचकांनीच करावा. आमच्याकडे त्या वयाची मुलगी कॉलेजात नुकती रुळत असते. २००९ पर्यंत, बारा वर्षे, ती खेळली. सत्तर आंतरराष्ट्रीय सामने झाले. त्या काळात बायकांना या खेळाचा पगार मिळत नसे. इंग्लंडच्या महिला संघाला पूर्णवेळ करार मिळाले ते २०१९ च्या जानेवारीत, म्हणजे ती निवृत्त झाल्यावर दहा वर्षांनी.

या बारा वर्षांत तिने तीन विश्वचषक पाहिले. १९९८ साली उपांत्य सामन्यात न्यूझीलंडकडून हार झाली आणि इंग्लंड तिसरे आले. २००२ साली बार्सिलोनात अंतिम सामना गाठला; तिथे पुन्हा न्यूझीलंड, आणि निकाल १९-९. २००६ साली कॅनडातल्या एडमंटन शहरात ती इंग्लंडची कर्णधार होती. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा न्यूझीलंड. या खेपेस मात्र इंग्लंडने पाठलाग असा केला की, शेवटाकडे गुणफलक २०-१७ दाखवत होता. तीन गुणांचे अंतर! तेवढ्यात न्यूझीलंडने आणखी एक ट्राय केला आणि सामना २५-१७ वर संपला.

आता हा योगायोग पाहा. इंग्लंडने विश्वचषक जिंकला १९९४ साली, ती संघात येण्याआधी तीन वर्षे. पुन्हा जिंकला २०१४ साली पॅरिसला, ती संघातून गेल्यावर पाच वर्षांनी. चषक आधी आला, चषक नंतर आला; मधली सगळी वर्षे मात्र तिची. युरोपातल्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत तिच्या काळातल्या इंग्लंडने २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षे एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले. पण चषकाचे दुःख त्याने भरून निघते असे नाही. वर्गात नेहमी पहिली येणाऱ्या मुलीचे शालान्त परीक्षेत अवघ्या चार गुणांनी बोर्डात नाव हुकावे, तशातली ही गत.

कन्यकेच्या हिशेबाने पाहिले तर गोष्ट इथेच संपायला हवी. खेळणे थांबले, चषक राहिला, आता शिकवायला लागा. कबुली!

‘ती’ची ‘बाई’ झाली

आतापर्यंत मी जो यॅपला ‘ती’ म्हणत आले. इथून पुढे मात्र ‘बाई’ म्हणणार आहे. मराठीत या शब्दाची एक खुबी आहे. घरात, बाजारात, बसमध्ये ‘बाई’ म्हणजे कोणीही. पण शाळेच्या दारातून आत गेले की, त्याच शब्दाला छडी येते, खडू येतो आणि आदर येतो. कॉलेजात आम्हाला मुले ‘मॅडम’ म्हणतात, त्यात ती चव नाही.

तर यॅपबाईंनी प्रशिक्षणाचा रस्ता धरला. इंग्लंडच्या वीस वर्षांखालील मुलींच्या संघाच्या त्या प्रशिक्षिका झाल्या. हे काम सर्वांत नावाजलेले नव्हे, सर्वांत नाजूक. या वयाची मुलगी म्हणजे नुसता वेग. कोणी नीट सांगितले तर ती दहा वर्षे खेळते आणि कोणी वाकडे बोलले तर सहा महिन्यांत घरी बसते. पुढे बाई वुस्टर वॉरियर्स या क्लबच्या महिला संघाच्या रग्बी-संचालिका झाल्या. इथे त्यांच्यापुढे जो पेच आला, तो खेळाडू म्हणून कधी आला नसेल.

२०२२ च्या सप्टेंबरात वुस्टर क्लब आर्थिक गर्तेत सापडला. कर थकला, देणी थकली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ऑक्टोबरात न्यायालयाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीच्या नावे होते, ती कंपनीच गुंडाळण्याचा हुकूम दिला. पुरुषांचा संघ त्या मोसमातून बाद झाला. महिलांचा संघ काही वेगळ्या घरचा नव्हता. मोठ्या घराला आग लागली म्हणजे माडीवरची भाडेकरीणही पोळायचीच. तशात एका पुरस्कर्त्या कंपनीने महिलांच्या संघापुरता खर्च उचलला आणि त्या २०२२-२३ च्या मोसमात मैदानावर उतरल्या. ज्या क्लबचा पुरुष संघ बुडाला होता, त्याच्या महिला खेळत होत्या, आणि संघाच्या पाठीशी होत्या यॅपबाई.

ही गोष्ट गोड शेवटाची असती, तर मी इथे थांबले असते. पण पुढच्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, तो आधारही सुटला आणि वुस्टरच्या महिला संघाला देशातल्या सर्वोच्च लीगमधून माघार घ्यावी लागली. म्हणजे बाईंनी सांभाळलेले घर वर्षभर तगले आणि मग मोडले.

मी यावर पुष्कळ विचार केला. त्या एका वर्षाचा उपयोग काय झाला? गुणतक्त्यात त्याचा जमाखर्च सापडत नाही. पण वर्षभर का होईना, तिथल्या मुलींना दर आठवड्याला जायला एक मैदान होते आणि पोचल्यावर हाक मारायला कोणी होते. शाळा बंद पडणार हे ठाऊक असतानाही जे मास्तर शेवटच्या दिवसापर्यंत बाराखडी घेतात, त्यांची मुले पुढे कुठल्याही शाळेत गेली तरी त्यांना बाराखडी येते. हा हिशेब तक्त्यात मांडता येत नाही, इतकेच.

जेमतेम आठवड्याची गोष्ट

२०२३ च्या डिसेंबरात यॅपबाईंची नेमणूक ऑस्ट्रेलियाच्या महिला संघावर झाली. या संघाला लाभलेल्या त्या पहिल्या पूर्णवेळ प्रशिक्षिका. ‘पहिल्या पूर्णवेळ’ हे शब्द वाचून मी जराशी चमकले. ऑस्ट्रेलिया म्हणजे खेळांचे माहेरघर आणि तिथे राष्ट्रीय महिला संघाला २०२३ सालापर्यंत पूर्णवेळ प्रशिक्षक नसावा! त्याच वर्षी ऑगस्टात तिथल्या खेळाडूंनी एकत्र येऊन संघटनेच्या हात आखडण्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. घरातले मोठे मुलगे तूपरोटी खातात आणि मुलींना उरलेसुरले, ही तक्रार सातासमुद्रापलीकडेही तशीच आहे म्हणायची.

बाईंची सुरुवात काही गाजावाजाची झाली नाही. २०२४ साली कॅनडा, अमेरिका आणि न्यूझीलंड यांच्याबरोबरच्या चौरंगी स्पर्धेत ऑस्ट्रेलियाने तिन्ही सामने गमावले. न्यूझीलंडने तर ६७-१९ असा धुव्वा उडवला. त्याच सप्टेंबरात न्यूपोर्टला वेल्सने ऑस्ट्रेलियाला ३१-२४ असे हरवले. वेल्सच्या महिलांचा ऑस्ट्रेलियावरचा हा पहिलाच विजय. नव्या मास्तरणीवर टीका करायला एवढे कारण पुरे होते.

आणि मग जेमतेम आठवड्याने, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी ऑस्ट्रेलियाने वेल्सला ३७-५ असे हरवले! त्याच स्पर्धेत पुढे यजमान दक्षिण आफ्रिकेला ३३-२६ आणि स्कॉटलंडला ३१-२२ असे नमवून चषक पटकावला. विश्वचषक नव्हे, दुसऱ्या श्रेणीच्या संघांची ती स्पर्धा. पण मला त्या चषकापेक्षा तो मधला आठवडा मोठा वाटतो.

आठवड्याभरात कोणाचे स्नायू वाढत नाहीत, कोणाचा वेग दुप्पट होत नाही. मग बदलते काय? मला वाटते, बदलते ते चूक पाहण्याचे धारिष्ट. हरलेल्या माणसाला आपली चूक पाहावत नाही. तो पंचाला, पावसाला, नशिबाला बोल लावतो. ती चूक त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, पण अशी की त्याची मान खाली जाऊ नये, ही शिकवण्यातली खरी मेख. ज्यांनी स्वतः २०-१७ वरून अंतिम सामना गमावला आहे, त्यांना हे अधिक चांगले जमत असेल. सदा जिंकलेल्या माणसाला हरलेल्याशी काय बोलावे, ते कोठून कळणार?

मायदेशाविरुद्ध

मग आला २०२५ चा विश्वचषक, आणि तोही इंग्लंडात. ऑस्ट्रेलियाच्या गटातच इंग्लंड. पहिल्या सामन्यात सामोआवर ७३-० असा विजय. यॉर्क येथे अमेरिकेशी ३१-३१ अशी बरोबरी. आणि मग ब्रायटनची ती रात्र, जी आम्ही तिघींनी ढोलांच्या गजरात पाहिली. पराभव ४७-७ चा झाला, पण गटात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांचे गुण सारखे होते आणि गुणांच्या फरकावर ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत गेली. अमेरिकेविरुद्ध एका गुणाने जरी हरली असती, तरी घरी जावे लागले असते. १३ सप्टेंबरला ब्रिस्टॉल येथे उपांत्यपूर्व सामन्यात कॅनडाने ४६-५ असे हरवले आणि प्रवास संपला.

२७ सप्टेंबरला ट्विकेनहॅमच्या मैदानावर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे नमवून विश्वचषक जिंकला. प्रेक्षक होते ८१,८८५. ज्या खेळाच्या पहिल्या विश्वचषकासाठी पाहुण्या मुलींनी बाहुल्या विकल्या, त्याच खेळाला चौतीस वर्षांनी ही गर्दी! १९९१ च्या त्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन त्याच वर्षी इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या होत्या.

आणि यॅपबाई? इंग्लंडच्या कपाटात तिसरा विश्वचषक आला तेव्हाही त्या संघात नव्हत्या. उलट तो मिळवण्याच्या वाटेवर इंग्लंडने ज्यांना हरवले, त्यांच्या प्रशिक्षिका होत्या. स्पर्धेनंतर त्यांनी ऑस्ट्रेलियाचे पद सोडले. खेळाडू म्हणून विश्वचषक नाही, प्रशिक्षिका म्हणूनही नाही. माझ्यासारख्या गोष्टीवेल्हाळ बाईला शेवट गोड करून सांगण्याचा फार मोह होतो, पण जे झाले ते असे आहे.

तरीही मला ही हरलेल्या बाईची गोष्ट वाटत नाही. ऐंशी मिनिटे नऊ नंबर काय करतो, ते पुन्हा आठवून पाहा. ढिगाऱ्यात शिरायचे, चेंडू बाहेर काढायचा आणि मागून येणाऱ्याच्या हाती द्यायचा. रेषेपलीकडे चेंडू टेकवणारा बहुधा दुसराच असतो. बाईंनी मैदानावर बारा वर्षे हेच केले आणि मैदानाबाहेर आल्यावरही हेच. काम बदललेच नाही. फक्त पाठीवरचा आकडा गेला.

आणि फितुरीचे म्हणाल, तर सासूबाईंनीच निकाल फिरवला. सगळी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, “फितूर कसली? मास्तरीण ती. वर्गात परगावची पोर आली म्हणून काय तिला कमी शिकवायचं?” सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या, पण आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मला इतके स्वच्छ वाक्य अजून ऐकायला मिळालेले नाही.

रविवारची सकाळ

हे सारे मी कन्यकेला एका दमात सांगितले नाही. मुलांना व्याख्यान दिले की, ती मोबाइल काढतात, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. चार संध्याकाळी, भाजी निवडताना, तुकड्या-तुकड्याने बोलत राहिले. ती ‘हं’ म्हणत राहिली. एकदाच तिने विचारले, “वेल्सकडून हरल्यावर त्या आठवड्यात त्यांनी नेमकं काय करून घेतलं असेल गं?” मी म्हटले, “ते तुला कळेल. मी रग्बी कुठे खेळले?”

त्याच संध्याकाळी तिने मला आणखी एक सांगितले. आपल्या देशाच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय २०१९ साली मनिला येथे मिळवला, सिंगापूरवर, २१-१९ असा. “दोन गुणांनी, आई!” हे सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा लागला. मी भाजीवरून मान वर केली नाही. काही गोष्टी पाहिल्या की बुजतात.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला ती गुडघ्याला पट्टा बांधून, रिक्षा करून, त्या शाळेच्या मैदानावर गेली. मी पाठोपाठ गेले नाही असे म्हणेन तर ते खोटे होईल. कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले. चौदा-पंधरा मुली होत्या. कोणाच्या पायात बूट होते, कोणी अनवाणी. आमची कन्यका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ओरडत होती, “मागे बघ! आधी मागे बघ, मग दे!” एक लहानखुरी पोर सारखा चेंडू पाडत होती. कन्यकेने तिला जवळ बोलावले, तिची दोन्ही बोटे चेंडूवर नीट बसवली आणि काहीतरी हळूच सांगितले. ते मला ऐकू आले नाही. पोर पळत गेली. पुढच्या खेपेस चेंडू पडला नाही.

घरी आल्यावर ती धुसफुसत माझ्यासमोर उभी राहिली. “आई, मी त्यांना सांगितलं होतं ताई म्हणा म्हणून. तर ती एक बारकी मला बाई म्हणाली! ‘बाई, पुढच्या रविवारी येणार ना?’ म्हणे.”

“मग? काय सांगितलंस?”

“येणार म्हटलं. काय करते?” असे म्हणून ती पोहे घ्यायला आत गेली. जाताना हसत होती की काय, ते पाठीवरून कळले नाही. पण चालण्यावरून थोडे कळले.

मी उत्तरपत्रिकांचा राहिलेला गठ्ठा पुढे ओढला. बहुतेक उत्तरे गाइडातली होती. तीच वाक्ये, त्याच चुका. तेराव्या पेपरात मात्र एका मुलीने एका कवितेविषयी तीन ओळी अशा लिहिल्या होत्या की, त्या कुठल्याही गाइडात नव्हत्या. मी वर्गात सांगितलेल्याही नव्हत्या. मी सांगितलेले घेऊन ती पुढे कुठेतरी निघून गेली होती.

मी पेन खाली ठेवले आणि त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.